साक्ष रविवारची, कसोटी सोमवारची

कल्याणहून बदलापूर लोकल सुटली की आधी विठ्ठलवाडी, मग उल्हासनगर, मग अंबरनाथ आणि शेवटी बदलापूर. पाच स्टेशनांचा हा पट्टा घाईचा, घामाचा आणि गर्दीचा म्हणून ओळखला जातो. पण नावे नीट वाचली तर याच पट्ट्यात देव दिसल्याच्या खुणा पसरलेल्या आहेत. विठ्ठलवाडीच्या नावातच विटेवरचा देव आहे. अंबरनाथला शिलाहारांच्या काळातले, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले शिवमंदिर आहे. कल्याणचे कॅथलिक चर्च लूर्द मातेच्या नावाचे, तर अंबरनाथचे फातिमा मातेच्या. लूर्द आणि फातिमा ही गावे. लूर्द फ्रान्समधले, फातिमा पोर्तुगालमधले. दोन्ही ठिकाणी गरीब घरच्या मुलांनी मरियामाता दिसल्याचे सांगितले, आणि त्यांच्या त्या सांगण्यावरून हजारो मैलांवरच्या कल्याण-अंबरनाथमधल्या चर्चना नावे मिळाली.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतली ख्रिस्ती वस्ती बहुतेक बाहेरून आलेली. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी, विम्कोचा काडेपेटी कारखाना, मग एमआयडीसी. कुणी केरळातून आले, कुणी तमिळनाडूतून, कुणी अहमदनगर-जालन्याकडून. उल्हासनगर तर फाळणीत घर हरवलेल्या सिंधी माणसांनी वसवलेले शहर. लष्करी छावणीच्या बराकींना ८ ऑगस्ट १९४९ रोजी हे नाव मिळाले, तरी तिथले लोक पत्ता सांगताना आजही 'कॅम्प चार', 'कॅम्प पाच' असेच म्हणतात. गाव सुटलेल्या माणसाला देवाशी थेट बोलण्याची गरज अधिक तीव्रतेने जाणवते. म्हणूनच इथे जुन्या चर्चच्या जोडीला भाड्याच्या गाळ्यात, हॉलमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या प्रार्थनासभा दिसतात. हिंदी, मराठी, तमिळ, मल्याळम, सिंधी, जी भाषा घरात तीच देवापुढे.

या सभांमध्ये एक वेळ साक्षीची असते. कुणीतरी उठते आणि प्रभूने आपल्यासाठी काय केले ते सांगते. नवऱ्याची दारू सुटली. ऑपरेशनच्या आदल्या रात्री खोलीत कुणीतरी उभे असल्याचे जाणवले आणि भीती गेली. उपासप्रार्थनेत अंगातून ऊब गेली, रडू आवरेना, तोंडून न कळणारे शब्द येऊ लागले. पाळक हात वर करतात, मंडळी 'हालेलुया' म्हणते, आणि साक्ष पुढच्या माणसाकडे जाते.

अशा अनुभवांकडे पाहण्याच्या दोन सवयी आपल्याकडे रुजल्या आहेत. सभेच्या आत, जितके मोठे रडणे तितका मोठा आत्मा, असे माप लावले जाते. सभेच्या बाहेर, हे सगळे नाटक आहे किंवा बाटवाबाटवीचा डाव आहे, असा निकाल आधीच देऊन टाकलेला असतो. दोन्ही सवयी चुकीच्या आहेत, कारण दोघांचीही नजर रविवारच्या त्या दोन तासांवरच खिळलेली असते. ख्रिस्ती परंपरेने दर्शनाची पारख करण्याचा वेगळा मार्ग फार पूर्वी घालून दिला आहे. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसांनी तो आपल्या आयुष्यात गिरवूनही दाखवला आहे. त्यासाठी पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला जावे लागेल.

केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. दुष्काळात उपाशी पडलेल्या, टाकलेल्या, विधवा झालेल्या शेकडो मुली-बायकांना रमाबाईंनी तिथे आसरा दिला होता. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी मुलींचे प्रार्थनागट सुरू केले. आधी सत्तरएक मुली, मग पाहता पाहता पाचशेहून अधिक. २९ जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास वसतिगृहात जे घडले ते तिथल्या मिशनरी मिनी एब्रम्स यांनी लिहून ठेवले आहे. एक मुलगी प्रार्थना करत होती. शेजारच्या मुलीला तिच्यावर आग उतरलेली दिसली. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, आणि ओतणार इतक्यात तिच्या लक्षात आले की मैत्रीण जळत नाही आहे.

त्या बादलीतच या प्रसंगाचा सगळा खरेपणा आहे. ढोंग करणारी मुलगी आग पाहून हात जोडते. ही पाणी आणायला धावली.

दुसऱ्या संध्याकाळी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानातला एक भाग समजावून सांगत असताना सगळ्या मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. पुढे कित्येक दिवस रडणे, पापांची कबुली, हसणे, असे सारे चालले. शिस्तीच्या उपासनेची सवय असलेल्या कित्येकांना हा गोंगाट रुचला नाही. रमाबाईंनी मुलींना गप्प केले नाही. ज्यांनी लहानपणापासून मार, भूक आणि अपमान मुकाट गिळला होता, त्यांचा कोंडलेला श्वास देवापुढे मोकळा होत होता, आणि ज्या बाईने बालविधवांची दुःखे जवळून पाहिली होती तिला त्या आवाजाचा अर्थ कळला असणार.

मात्र रमाबाई तिथेच थांबल्या नाहीत, हे आजच्या मंडळ्यांनी लक्षात ठेवावे. मुक्तीत प्रार्थना संपली की माग चालत. शेती होती, छापखाना होता, अंध मुलींना ब्रेल शिकवले जात होते. रडलेल्या मुलींचे गट आसपासच्या गावांत जाऊ लागले. खुद्द रमाबाई त्या काळात बायबलचे साध्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत भाषांतर करत होत्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून चाललेले हे काम त्यांनी एप्रिल १९२२ मध्ये डोळे मिटण्याआधी पुरे केले. त्याचे खिळे मुक्तीतल्याच मुलींनी जुळवले आणि छपाईही तिथेच झाली.

मिनी एब्रम्स यांनी या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेतल्या चिलीमध्ये त्यांच्या जुन्या वर्गमैत्रिणीच्या हाती पडली. ही मैत्रीण आणि तिचे पती विलिस हूवर यांच्या वाल्पाराइसो इथल्या मंडळीत १९०९ साली असेच संजीवन झाले, आणि चिलीतल्या पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम तिथे मानला जातो. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर १९०६ मध्ये जे सुरू झाले त्याचा जगभर गवगवा झाला. केडगावची पहाट त्याच्या आधीची. उल्हासनगरच्या एखाद्या गाळ्यात हात उंचावून प्रार्थना करणाऱ्या बाईला 'हे अमेरिकेचे फॅड' म्हणून हिणवणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक असायला हवा. त्या प्रार्थनेची एक जुनी वाट दौंड तालुक्यातून गेलेली आहे.

रमाबाईंच्या स्वतःच्या आयुष्यातली एक गोष्ट अधिक बोलकी आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. पण सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलेला नाही. हे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात उघडपणे लिहिले. नाव नोंदवलेले असणे आणि आतून भेट झालेली असणे या दोन गोष्टी वेगळ्या, आणि दुसरी कधी होईल हे माणसाच्या हाती नाही, हे कबूल करायला मोठा प्रामाणिकपणा लागतो.

दुसरे उदाहरण रेल्वेच्या डब्यातले. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना नारायण वामन टिळकांना एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक उघडले आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. अभंग त्यांनी सोडला नाही, भजन सोडले नाही. १९१७ साली, म्हणजे तिकडे फातिमाच्या मेंढपाळ मुलांना मरियामाता दिसत होती त्याच वर्षी, टिळकांना ख्रिस्तासाठी संन्यास घेण्याची हाक आतून ऐकू आली. त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्या दरबारात जागा होती. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले. हाक ऐकल्यानंतर त्यांच्या वाट्याला पगार, घर आणि स्थैर्य वाढून आले नाही. ते सारे त्यांनी सोडून दिले. हाकेची पारख करायची तर इथून सुरुवात करावी.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त असाच एक प्रसंग आहे, आणि त्यात ना आग आहे ना आवाज. नवऱ्याच्या धर्मांतराने त्या उन्मळून पडल्या होत्या. पुढे एकत्र राहू लागल्यावरही त्यांचे सोवळे कायम होते. एके दिवशी बसल्या बसल्या त्यांच्या मनात आले, या जाती देवाने केल्या की माणसाने? विचार तडीस गेला आणि त्या क्षणापासून कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे त्यांनी ठरवून टाकले. पिढ्यान्‌पिढ्यांचे ओझे एका दिवसात उतरले. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. ईश्वरी अनुभव म्हणून भलतेच काही शोधणाऱ्यांनी लक्ष्मीबाईंचा हा प्रसंग पुन्हा वाचावा. परक्या हातचा पाण्याचा पेला घेण्याइतका हा साक्षात्कार साधा होता आणि तितकाच अवघड.

आणि ज्यांना काहीच जाणवत नाही त्यांचे काय? साक्षींच्या गर्दीत गप्प बसून राहणाऱ्या, 'माझ्याच विश्वासात खोट असेल' म्हणून मनात झुरणाऱ्या माणसांसाठी मदर तेरेसांची कहाणी आहे. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत त्यांना गरिबांत जाऊन राहण्याची हाक आली. काम सुरू झाले, आणि थोड्याच काळात आतला दिवा विझला. त्यांची पत्रे २००७ साली पुस्तकरूपाने आली तेव्हा जगाला कळले की जवळजवळ पन्नास वर्षे या बाईला प्रार्थनेत देवाचा स्पर्श असा जाणवलाच नव्हता. तरीही रस्त्यावरचे मरणोन्मुख माणूस उचलायला त्या रोज बाहेर पडत राहिल्या. सोळाव्या शतकात स्पेनमधल्या क्रूसभक्त योहानाने या अवस्थेला आत्म्याची अंधारी रात्र म्हटले होते. साक्षीच्या वेळी एखाद्या पाळकाने 'आज मला काहीच जाणवले नाही, तरी मी आलो' ही साक्षही मोठ्या मनाने ऐकून घेतली, तर मंडळीतल्या कित्येकांचा जीव भांड्यात पडेल.

बाहेरच्या जगाला ख्रिस्ती धर्म म्हणजे चमत्कारांची जाहिरात वाटते. जुन्या चर्चची प्रत्यक्ष रीत मात्र कमालीची सावध आहे. लूर्दला बर्नादेत सुबिरू या चौदा वर्षांच्या मुलीला ११ फेब्रुवारी १८५८ पासून अठरा वेळा दर्शन झाले, तेव्हा स्थानिक धर्मगुरूने तिला आधी झिडकारले. बिशपने मान्यता दिली ती १८६२ साली, चौकशीअंती. लूर्दला बरे झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले. डॉक्टरांच्या तपासणीनंतर चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले त्यातले जेमतेम सत्तरच्या घरातले. शंभरात एक. आणि बर्नादेत? ती दमेकरी होती. दर्शनांनंतर ती नेव्हेरच्या मठात गेली, तिथल्या आजारी जोगिणींची शुश्रूषा करत राहिली आणि पस्तिसाव्या वर्षी गेली. आपल्या दर्शनाचा बाजार तिने मांडू दिला नाही.

हीच सावधगिरी सुटली की काय होते, ते मुंबईने २०१२ च्या मार्चमध्ये पाहिले. विलेपार्ल्याच्या एका चर्चजवळच्या क्रूसावरील येशूमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले आणि लोक ते तीर्थ म्हणून गोळा करू लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी जाऊन पाहिले आणि तुंबलेल्या नाल्याचे पाणी केशाकर्षणाने वर चढत असल्याचे सांगितले. त्यांचे म्हणणे तपासण्याऐवजी काही संघटनांनी त्यांच्याविरुद्ध भावना दुखावल्याच्या तक्रारी केल्या, आणि अटकेच्या भीतीने ते फिनलंडला निघून गेले. ज्या परंपरेने लूर्दच्या झऱ्याकाठी डॉक्टर बसवले, तिने नालीचे पाणी दाखवणाऱ्याचे आभार मानायला हवे होते. व्हॅटिकनने १७ मे २०२४ रोजी अशा घटनांच्या चौकशीचे नवे नियम काढले. एखादी घटना अलौकिक आहे असे जाहीर करण्याच्या फंदात बिशपांनी सहसा पडूच नये, असे त्यात सुचवले आहे. पैसा, सत्ता, प्रसिद्धीची हाव आणि मानसिक आजार यांची शक्यता आधी तपासावी, आणि फळे कोणती आली ते पाहावे, असेही त्यात आहे.

विज्ञानालाही या प्रांतात घाईचा निकाल देता आलेला नाही. मॉन्ट्रियलमध्ये पंधरा कार्मेलाइट जोगिणींच्या मेंदूचे स्कॅन घेतले गेले, २००६ साली निष्कर्ष आले. देवासाठी राखून ठेवलेला असा कोणताही एक कोपरा मेंदूत सापडला नाही, अनेक भाग एकाच वेळी जागे झालेले दिसले. त्याआधी शतकभर विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने एडिंबराच्या व्याख्यानांत हेच सांगितले होते की अनुभवाचे मूळ कुठे आहे यावरून त्याचे मोल ठरत नाही, त्यातून कसे जगणे निपजते यावरून ठरते. येशूने झाड फळावरून ओळखायला सांगितले, त्याच्याशी हे जुळणारे आहे.

तेव्हा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या सभांकडे पाहताना सोमवारचे प्रश्न विचारावेत. ज्याची दारू सुटली त्याच्या घरी पगार पूर्ण पोहोचतो का? जिला रात्री प्रभू दिसला ती सासरच्या भांडणात कुणाची बाजू घेते? आजार बरा झाल्याची साक्ष देणाऱ्याने रिपोर्ट पुन्हा काढला का, की गोळ्याच बंद केल्या? हा शेवटचा प्रश्न जिवाशी खेळणारा आहे. मधुमेह, टीबी, फिट्स, मनाचे आजार यांवरचे औषध 'विश्वास कमी पडेल' म्हणून थांबवायला लावणे हे रमाबाईंच्या परंपरेतले नाही, की बर्नादेतच्याही नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराच्या नावाखाली फसवणूक करून पैसे उकळणे हा त्यानुसार गुन्हा आहे, आणि तो कोणत्याही एका धर्माला सोडून बोलत नाही. ज्याचा अनुभव खरा आहे त्याला या कायद्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट मोबाइलची. हुंदके देणाऱ्या बाईचा, जमिनीवर कोसळलेल्या तरुणाचा व्हिडिओ त्याच रात्री चॅनेलवर चढवला जातो. ज्या क्षणी माणूस देवापुढे सर्वांत उघडा असतो, तो क्षण लोकांच्या नजरांसाठी नसतो. केडगावच्या त्या मुलीचे नाव आज कुणाला ठाऊक नाही. त्याने तिच्या अनुभवाचे मोल तसूभर कमी झालेले नाही.

सभेबाहेरच्या शेजाऱ्यांनाही तितकेच स्पष्ट सांगायला हवे. कुणाच्या घरी चार माणसे डोळे मिटून प्रार्थना करतात म्हणून तिथे कट शिजतो आहे, असे मानणे अन्याय आहे. तुकोबांना स्वप्नात गुरूपदेश झाला यावर ज्या महाराष्ट्राचा विश्वास आहे, त्याने शेजारणीला प्रार्थनेत हाक ऐकू आली तर कपाळाला आठ्या घालू नयेत. फसवणूक झाली तर तक्रार जरूर करावी, पुराव्यानिशी करावी. पण कुणाच्या रडण्याला गुन्हा ठरवण्याचा अधिकार गर्दीला नाही.

या पट्ट्यातल्या पाळकांना आणि धर्मगुरूंना एक विनंती. येत्या रविवारी साक्षीला उभ्या राहणाऱ्या माणसाला सहा महिने थांबायला सांगा. तोवर त्याचे घर, त्याचे काम, त्याचा डॉक्टर आणि त्याचा शेजारी काय म्हणतो ते पाहा. मग त्याला बोलू द्या, कॅमेरा बंद ठेवून. आणि शेजाऱ्यांनी त्या दिवशी तिथे जाऊन, शेवटच्या बाकावर बसून, ते शांतपणे ऐकावे.